बाळाला पाजायच्या खुर्चीला ३८,००० रुपये द्यावेत का?

प्रश्न : माझा सातवा महिना संपत आलाय. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, मी, मिस्टर आणि सासूबाई. मला आधीपासून कंबरदुखी आहे, म्हणून बाळाला पाजायला आणि झोपवायला एक चांगली खुर्ची घ्यायचं मनात आहे. गंगापूर रोडच्या एका शोरूममध्ये रेक्झिनचा रॉकिंग रिक्लायनर (मागे कलणारी, पाय पसरता येणारी डोलखुर्ची) आवडला. किंमत ३८,०००, बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेला हप्ता. ऑनलाइन एक लाकडी ग्लायडर (दांड्यांवर पुढे-मागे सरकणारी खुर्ची) पायाच्या स्टुलासकट १४,५०० ला आहे. सासूबाई म्हणतात, आम्ही भिंतीला टेकून तीन पोरं वाढवली. घ्यायचीच असेल तर माळ्यावरची सासऱ्यांची कापडी आरामखुर्ची काढा. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, हातात ५२,००० येतात, माझे ३४,०००. घराचा हप्ता २१,०००, म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपी ६,०००, बाकी सगळा खर्च ४१,०००. एफडी १,६०,००० ची आहे आणि बचत खात्यात ४५,०००. बाळंतपण नाशिकलाच, नंतर तीन महिने माहेरी येवल्याला. हॉस्पिटलने नॉर्मलचे ७५,००० आणि सिझेरियनचे १,१०,००० सांगितलेत, ऑफिसच्या विम्यातून ५०,००० पर्यंत मिळतील. पगारी रजा संपल्यावर बाळ वर्षाचं होईपर्यंत घरीच राहायचा विचार आहे. काय करू?

उत्तर : ताई, खुर्ची घ्या. पण ३८,००० ची नको, हप्त्यावर नको आणि आत्ता तर नकोच.

आधी ‘घ्या’ का म्हणतोय ते सांगतो, कारण तुमच्या पत्राचा सूर थोडा अपराधी वाटला. नवजात बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी रोजचे चार ते सहा तास झाले, त्यातले बरेचसे रात्री. मान खाली, खांदे वर, हातावर तीन-चार किलोंचं बाळ आणि पाठीला आधार नाही, अशा बसण्याने धडधाकट बाईची कंबरही धरते, तुमची तर आधीच दुखते. हा खर्च बाळाच्या हौसेचा नाही, आईच्या शरीरासाठीचा आहे. घरच्या बजेटात त्याला जागा असलीच पाहिजे.

सासूबाईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. भिंतीला टेकून, पाठीशी लोड घेऊन, मांडी घालून पाजणं ही चांगलीच पद्धत आहे आणि अनेकींना तीच सोयीची पडते. फरक इतकाच की तेव्हा घरात उचलाउचल करणारे हात पुष्कळ असायचे. मागितलं की कुणीतरी पाणी आणून द्यायचं, बाळ उचलून घ्यायचं. तुमच्याकडे रात्री दोन वाजता तुम्ही आणि मिस्टर दोघंच. सासूबाईंनाही जागरण किती लावणार? शिवाय सिझेरियन झालं तर जमिनीवरून उठताना टाक्यांवर ताण येतो. त्या दिवसांत पलंगावर बसून किंवा कुशीवर निजून पाजणंच बरं.

आता मुद्द्याची गोष्ट, जी तुमच्या पत्रातच आहे पण हिशेबात आलेली नाही. हॉस्पिटलमधून तुम्ही थेट येवल्याला जाणार. म्हणजे ज्या तीन महिन्यांत बाळ सगळ्यात जास्त वेळा पिणार आहे, त्या तीन महिन्यांत ही खुर्ची इंदिरानगरच्या बेडरूममध्ये रिकामी पडून राहणार. परत याल तेव्हा बाळाला चौथा लागलेला असेल. सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू होतं आणि दिवसाचं पाजणं हळूहळू कमी होतं. दोन वर्षं आणि पुढेही पाजावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण पुढचं बरंचसं पाजणं झोपताना आणि रात्री, पलंगावरच होतं. बाळाच्या वर्षापर्यंतचे नऊ महिने धरले तर ३८,००० ची खुर्ची महिना ४,२०० रुपयांहून महाग पडते. दुकानात बसून बघताना हे लक्षात येत नाही, कारण तिथे खुर्ची छान वाटते आणि मोठ्या अक्षरात फक्त महिन्याचा हप्ता दिसतो.

म्हणून खर्चाची सुरुवात येवल्यापासून करा. पाठीला एक घट्ट लोड, हाताखाली घ्यायची पाजण्याची उशी आणि पायाखाली पाट किंवा बुटकं स्टूल, एवढं माहेरच्या पलंगाशी मांडून ठेवायला आईला आत्ताच सांगा. लोड आणि पाट तिथे असतीलच, उशी हजार-दीड हजारात येते. पाठ टेकलेली, पावलं सपाट टेकलेली, आणि बाळ स्तनापर्यंत वर आलेलं, आपण बाळापर्यंत वाकलेलं नाही, हे जमलं की अर्धी कंबरदुखी तिथेच टळते. नाशिकला परतताना ती उशी सोबत आणायची.

येवल्याहून निघायच्या आठ-दहा दिवस आधी खुर्चीची खरेदी करा. तोवर तुम्हाला कसं बसून जमतं, बाळ कुशीत डोलवून झोपतं की झोळीतच झोपतं, हे सगळं कळलेलं असेल. काही बाळांना डोलणाऱ्या खुर्चीत बसून घेतलेलं चालतच नाही, उभं राहून फिरवलं तरच गप्प होतात. सातव्या महिन्यात हे कुणालाच माहीत नसतं, आणि माहीत नसलेल्या गरजेसाठी मोठी रक्कम अडकवू नये.

रिक्लायनरबद्दल माझा पैशापलीकडचा एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शोरूमवाले सांगतात की पाजता पाजता तिथेच पाय पसरून डोळा लागला तरी हरकत नाही. बालरोगतज्ज्ञ नेमकं याच्या उलट सांगतात. मऊ सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं हे अतिशय धोक्याचं असतं. बाळ कुशनच्या खाचेत घसरतं, मान दुमडते, श्वास कोंडतो. जागरणाने थकलेल्या आईला ज्या खुर्चीत हमखास झोप लागते, ती खुर्ची त्या कामाला चांगली नाही. डोळे जड व्हायला लागले की उठून बाळाला त्याच्या पाळण्यात पाठीवर निजवायचं किंवा मिस्टरांच्या हातात द्यायचं, हा नियम दोघांनी मिळून आत्ताच ठरवून ठेवा. ग्लायडरला आणि साध्या खुर्चीलाही तो लागू आहे.

दुसरं, त्या रिक्लायनरचं पायाचं फळकूट उघडतं तिथली फट. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं, रांगायला लागलं की त्याची बोटं आणि डोकं पहिल्यांदा तिथेच जातं. आणि रेक्झिन! नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. पंख्याखालीसुद्धा पाठ चिकटते, बाळाला घामोळं येतं. सुती, धुता येणारी खोळ हवीच, कारण रोज कुठे ना कुठे दूध सांडणार.

सासऱ्यांच्या आरामखुर्चीला मी नाही म्हणेन, आणि कारण सासूबाईंनाही पटेल असं आहे. कापडी आरामखुर्चीत माणूस खोल आणि मागे कललेला बसतो. बाळाला छातीशी धरायला सतत मान उचलून पुढे यावं लागतं, आणि दोन्ही हातांत बाळ असताना तिच्यातून उठणं अवघड. ती सासूबाईंना दुपारी गॅलरीत टेकायला काढून द्या.

१४,५०० चा ग्लायडर बरा पर्याय आहे, पण घेण्याआधी बघायच्या गोष्टी आहेत. बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण कमरेच्या उंचीला यावेत. हात ठेवायची पट्टी इतक्या उंचीवर हवी की कोपर टेकलं की खांदा सैल पडेल. माझ्या मते पूर्ण खुर्चीत सगळ्यात जास्त काम ती पट्टी करते आणि खरेदी करताना तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. पाठ डोक्यापर्यंत उंच हवी. एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताने उठता येतं का, ते पाच किलोंची पिठाची पिशवी कडेवर घेऊन करून बघा. ग्लायडरच्या खालच्या सरकत्या दांड्या झाकलेल्या आहेत का आणि हलणं बंद करायची कडी आहे का, हेही पाहा. उघड्या दांड्यांत लहान बोटं चिमटतात. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आणि परत नेण्याचा खर्च कुणाचा, ते आधी वाचा. अवजड सामान परत पाठवताना लोकांचे पैसे तिथेच जातात.

ग्लायडर पसंत पडला नाही, तर ओळखीच्या सुताराकडून उंच पाठीची, हाताची, न हलणारी साधी खुर्ची करून घ्या आणि गादीवाल्याकडून कुशन शिवून घ्या. डोलवायचं काम पाळणा आणि झोळी करतेच की. अशी खुर्ची पुढे सासूबाईंच्या गुडघ्यांनाही उपयोगी पडते, वर्षभराने अडगळ होत नाही. माझी मर्यादा एकच : खुर्ची आणि तिचं कुशन मिळून १५,००० च्या वर जायचं नाही.

ही मर्यादा कुठून आली? कायद्याने तुम्हाला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले चार आठवडे बाळंतपणाआधी गेले तर २२ उरतात, म्हणजे बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत पगार येईल. पुढचे सात महिने फक्त ५२,०००. खर्च आजचा ६८,०००, त्यात बाळाचे ६,००० मिळवले आणि तुमच्या जाण्यायेण्याचे ३,००० वजा केले तर ७१,०००. दर महिन्याला १९,००० ची तूट, सात महिन्यांची १,३३,०००.

आज तुमच्याकडे २,०५,००० आहेत. बाळंतपणापर्यंतच्या दोन महिन्यांत ३६,००० शिल्लक पडतील, नंतरच्या पाच पगारी महिन्यांत ७५,०००. एकूण ३,१६,०००. सिझेरियन धरून हॉस्पिटलचे खिशातून ६०,००० काढा, मग ती तूट काढा. बाळाच्या पहिल्या वाढदिवशी तुमच्या हाताशी १,२३,००० राहतात. दोन महिन्यांचाही खर्च नाही. आणि यात बारसं, लसी, अचानकचं दुखणं काहीच धरलेलं नाही. ३८,००० ची खुर्ची घेतली तर उरतात ८५,०००, जेमतेम सव्वा महिन्याचे. घरात तान्हं मूल, डोक्यावर कर्ज आणि एकच पगार असताना मी कुणालाही इतक्या कमी गंगाजळीवर राहू देणार नाही.

नो-कॉस्ट ईएमआयचं थोडक्यात. व्याज असतंच. दुकानदार रोखीवर जी सूट देऊ शकला असता ती त्या व्याजात जिरते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, वर बहुधा प्रोसेसिंग फी. व्याज ३,००० धरलं तर जीएसटीचे ५४० झाले. रक्कम छोटी आहे, पण मला खटकतो तो काळ. आज सुरू केलेल्या बारा हप्त्यांतले पाच तुमच्या बिनपगारी महिन्यांत पडतात, तेव्हा १९,००० ची तूट २२,००० च्या पुढे जाते. त्यातून एखादं बिल क्रेडिट कार्डावर थकलं, तर तिथलं व्याज सहसा वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे असतं.

३८,००० आणि १४,५०० मधला फरक २३,५०० चा. तुमच्या पत्रात मिस्टरांच्या टर्म विम्याचा, म्हणजे त्यांचं काही बरंवाईट झालं तर घराला ठरलेली रक्कम देणाऱ्या विम्याचा, उल्लेख नाही. तो खरंच नसेल तर माझ्या दृष्टीने खुर्चीच्या कितीतरी आधी तो येतो. धूम्रपान न करणाऱ्या, तिशीतल्या निरोगी माणसाचा एक कोटीच्या विम्याचा वर्षाचा हप्ता या फरकात सहसा बसून जातो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. बाळ यायच्या आत काढून टाका.

एसआयपी पगारी महिन्यांत चालू ठेवा. बिनपगारी सात महिन्यांत ती थांबवली तर ४२,००० वाचतात. अंगावर आलं तर थांबवा, लाज वाटू देऊ नका. बऱ्याच फंडांत काही महिन्यांपुरती स्थगिती घेता येते.

बारशाला नातेवाईक वाळे, अंगठ्या, झबली-टोपडी आणतील. जवळच्या आत्या-मावशांनी ‘काय आणू?’ विचारलं, तर मोकळेपणाने खुर्चीचं सांगा. चार जणींनी मिळून दिली तर तुमच्या खिशातून काहीच जात नाही, आणि त्यांनाही वापरातली वस्तू दिल्याचं समाधान.

रजेवर जाण्याआधी ऑफिसात तीन गोष्टी लेखी घ्या. सात महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर आहे का आणि नोकरी तीच राहणार का, कारण २६ आठवड्यांपुढच्या अशा स्वेच्छेच्या रजेला कायद्याचा आधार नसतो. त्या रजेत ग्रुप विमा चालू राहतो का. आणि बाळाचं नाव त्यात पहिल्या दिवसापासून येतं का, कळवायची मुदत किती. स्वतंत्र आरोग्य विम्यात बाळ बऱ्याचदा ९० दिवसांनंतरच घेतात. मधल्या काळात बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवायची वेळ आली तर बिल कुठल्याही खुर्चीपेक्षा कितीतरी मोठं येतं. ऑफिसचं उत्तर ‘विमा बंद होईल’ असं आलं, तर मिस्टरांच्या कंपनीच्या विम्यात तुम्हा दोघांना घालता येतं का ते त्याच आठवड्यात विचारा. आणि ती १,६०,००० ची एकच एफडी असेल, तर मुदत संपल्यावर चाळीस-चाळीस हजारांच्या चार करून ठेवा. मोडायची वेळ आली तर एकच मोडावी लागेल, दंडही तेवढ्यावरच बसेल.