टर्बियम: ब्लँकमध्येही ५४५ ला सिग्नल येत असेल तर

जळगावहून तुम्ही लिहिलंय की आतड्यातल्या जिवाणूंचे बीजाणू टर्बियम या धातूच्या हिरव्या चमकेवरून ओळखायचे आहेत, पण बीजाणू न घातलेल्या ब्लँकमध्येही ५४५ नॅनोमीटरला सिग्नल दिसतो आणि गाइड म्हणतात बफर (नमुना ज्यात मिसळतो ते द्रावण) खराब. धुळ्यात असताना मला हेच ऐकवलं होतं. बफर फेकू नका.

बीजाणूंमधलं डायपिकोलिनिक आम्ल टर्बियमला चिकटलं की त्याची चमक वाढते, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. एक्सायटेशन, म्हणजे नमुन्यावर टाकायच्या प्रकाशाची तरंगलांबी, किती ठेवलंय? २७२ असेल तर त्याची दुप्पट काढून बघा: ५४४. दिव्याचाच विखुरलेला प्रकाश ग्रेटिंगच्या (यंत्रात तरंगलांब्या वेगळ्या करणाऱ्या जाळीच्या) दुसऱ्या ऑर्डरमध्ये, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी, नेमका टर्बियमच्या हिरव्या रेषेवर येऊन बसतो. एक्सायटेशन २८० करा. सिग्नल ५६० ला सरकला तर तो दिव्याचा. टर्बियमचा जागचा हलत नाही.

हे मला नमुने मोजून देणाऱ्या ज्या केंद्राने सांगायला हवं होतं, त्याचं नाव घेत नाही. पैसे भरून नमुने पाठवायचे आणि उत्तर ठरलेलं, ‘तुमचा नमुना दूषित’. एमिशनच्या (नमुन्यातून बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या) बाजूला ४०० नॅनोमीटरच्या खालचं अडवणारा फिल्टर लावा म्हटलं, तर फॉर्ममध्ये तसा रकाना नाही म्हणे! त्याच यंत्रात फॉस्फरेसन्स मोड, म्हणजे झोत टाकून थोडं थांबून मोजायची सोय, होती. टर्बियमची चमक मिलिसेकंदांच्या घरात टिकते, विखुरलेला प्रकाश लगेच जातो आणि मलातल्या इतर रेणूंची चमक नॅनोसेकंदांत विझते. शंभर मायक्रोसेकंद थांबून मोजलं असतं तर प्रश्नच नव्हता. कोणी बटण दाबलं नाही. फेलोशिप संपत आली, बिल मात्र दर खेपेला पूर्ण.

माझं मत, पटलं तर घ्या: ब्लँकसकट कच्चा डेटा न देणाऱ्या केंद्राकडे नमुना देऊच नये. ऑपरेटरशेजारी बसू देतील तिथे जा, लांब पडलं तरी.

बफर फॉस्फेटचा असेल तर मात्र बदलाच. टर्बियम फॉस्फेट होऊन तळाशी बसतं. धातू पकडून ठेवणारं ईडीटीएही नको. मलात फॉस्फेट असतंच, म्हणून बीजाणू नीट धुवा. साधी पॉलिस्टायरीनची प्लेट २७२ चा प्रकाश आत जाऊच देत नाही. क्वार्ट्झची क्युव्हेट (मोजायची छोटी पारदर्शक नळी) कुणाकडून तरी मागून आणा.

सरावाला क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या रोगकारक जिवाणूच्या वाटेला जाऊ नका. मेडिकलमध्ये जुलाबासाठी बॅसिलस क्लॉसायच्या छोट्या कुप्या मिळतात, त्यात बीजाणूच असतात. ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेत तापवले) की ते डायपिकोलिनिक आम्ल बाहेर येतं. मी रसायनवाला, त्यामुळे जिवाणूंबद्दलचं एखाद्या मायक्रोवाल्याकडून तपासून घ्या.

यंत्राचं मॉडेल आणि स्लिटची (प्रकाश जायच्या फटीची) रुंदी कळवा, मग डिले (मोजण्याआधी थांबायचा वेळ) किती ठेवायचा ते बघू.