महापालिकेच्या निवडणुकीआधी व्यापाऱ्यांनी काय मागावं?

(हे पत्र २०२५ च्या अखेरचं, महापालिका निवडणुकीआधीचं.)

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पेठेतल्या व्यापारी संघटनेची तू सचिव झालीस हे समजलं. अध्यक्षपदासाठी आपल्याकडे चुरस असते. सचिवपद नको असतं, कारण तिथे लिहावं लागतं. ते तुझ्या गळ्यात पडलं, तेही निवडणूक तोंडावर असताना. बरंच झालं. २०२२ पासून महापालिकेत प्रशासक आहे, अंदाजपत्रक तेच मांडतात आणि तेच मंजूर करतात. आता सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिल्यामुळे निवडणूक होईल असं दिसतंय. इतकी वर्षं साचलेलं सगळं सभासद एकदम तुझ्यापुढे ओतणार. तू पाठवलेली मागण्यांची यादी तशीच आहे.

त्यातल्या निम्म्या मागण्या आत्ताच खोडून टाक. त्या खोट्या आहेत म्हणून नाही. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते, विजेचे दर वीज नियामक आयोग. व्यवसाय कर राज्याचा, दुकाने व आस्थापना कायदा कामगार खात्याचा. ऑनलाइन कंपन्यांच्या सवलतींवर तर प्रभागातला उमेदवार काय करणार? तो आनंदाने 'वरपर्यंत पोचवतो' म्हणेल, कारण त्यात त्याच्या खिशातलं काही जात नाही. महापालिकेच्या हातात आहे तेवढंच ठेव: मालमत्ता कर, कचऱ्याचं शुल्क, पार्किंग, माल उतरवायच्या वेळा, रस्ते आणि गटारं, फेरीवाला क्षेत्र, दुकानांच्या पाट्या-फलकांची परवानगी देणाऱ्या आकाशचिन्ह व परवाना विभागाचे हेलपाटे. बाकीचं राज्य पातळीवरच्या चेंबरकडे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मोठ्या संघटनेकडे पाठवून दे. उद्योगपती वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर काढलं ते त्याचसाठी.

एलबीटीची गोष्ट तुला माहीत असायला हवी, तेव्हा तू शाळेत होतीस. शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली आणि तिच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजेच एलबीटी, आला. २०१३ मध्ये तो मोठ्या शहरांत पोचला आणि बाजारपेठांची शटरं खाली आली. जकात नाक्यावर वसूल व्हायची. एलबीटीचा हिशेब प्रत्येक दुकानदाराने स्वतः ठेवायचा, आणि महापालिकेचा माणूस दुकानात येऊन वह्या तपासणार, ही धास्ती होती. मोठ्या कंपनीला त्याचं काही नव्हतं, तिच्याकडे लेखापाल होते. गल्ल्यावर बसणाराच हिशेब लिहिणार, अशा दुकानदाराचा जीव टांगणीला लागला. २०१४ च्या विधानसभेआधी एलबीटी रद्द करू असं वचन भाजपने दिलं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला, उरलेला जीएसटीबरोबर १ जुलै २०१७ ला गेला. वचन पाळलं गेलं, हे मान्य केलंच पाहिजे. संघटित व्यापाऱ्यांनी निवडणुकीच्या तोंडावर काही पदरात पाडून घेतल्याचं इतकं ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरं मला तरी आठवत नाही.

पण त्याची दुसरी बाजू कुणी भाषणात सांगत नाही. महापालिकेचं स्वतःचं सगळ्यात मोठं उत्पन्न गेलं आणि ती राज्याच्या भरपाईवर आली. जीएसटीनंतर ही भरपाई दरवर्षी ८ टक्के वाढीने द्यायचा कायदा झाला, तरी नळ फिरवायचा मुंबईतून. स्वतःचं म्हणावं असं मोठं साधन उरलं मालमत्ता कराचं. म्हणून आज आपण गटार मागितलं की 'निधी नाही' ऐकू येतं, आणि निधी उभा करायचा म्हटलं की नजर आपल्याच गाळ्यांच्या करआकारणीवर जाते. 'अमुक रद्द करा' ही मागणी म्हणूनच मला अर्धवट वाटते. पैसा कुठून येईल हे तूच पुढच्या ओळीत लिहिलं नाहीस, तर ते दुसरं कुणीतरी ठरवेल.

आता माल उतरवायचं बघू, कारण पेठेचं खरं दुखणं ते आहे. 'व्यापाऱ्यांना पार्किंगचा त्रास होतो' या वाक्याला काही किंमत नाही. दोन पोरांना वही देऊन चौकात बसव. एक आठवडा, त्यात एक शनिवार आणि एक बाजाराचा दिवस हवाच. टेम्पो कितीला आला, किती वेळ उभा राहिला, माल कुणाचा, चलान फाटलं का, मागे रांग कुठपर्यंत गेली, एवढंच लिहायचं. आणि आपल्या लोकांच्या दुचाक्याही मोजायच्या. सकाळी दहाला दुकानासमोर उभी केलेली मालकाची गाडी रात्री नऊलाच हलते हे त्यात निघणारच. निघू दे. ती वही घेऊन गेलीस की वाहतूक शाखेचा अधिकारी तुला खुर्ची देईल. मग मागणी कर: माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ, त्यासाठी आखलेली जागा, आणि दुकानमालकांच्या गाड्या बाहेर लावायची संघटनेची लेखी हमी.

फेरीवाल्यांवर कार्यकारिणीत सर्वांत जास्त आवाज चढेल. 'हटाव' हा शब्द निवेदनात येऊ देऊ नकोस. एक तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि दुसरं, त्यांची मतं तुमच्यापेक्षा जास्त आहेत हे उमेदवाराला पाठ असतं. त्याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे. तिच्यातले ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, आणि व्यापारी संघटनांच्या प्रतिनिधींनाही तिथे स्थान आहे. आपल्याकडून तिथे कोण बसतं, ते विचार. बहुतेक वेळा कुणाला ठाऊकच नसतं. सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी व्हायला हवं, ते कधी झालं, क्षेत्रं कधी आखणार, एवढं तारखेसकट माग.

उमेदवारांना भेटताना एक अडचण येईल. आपल्या प्रभागात चार जागा, प्रत्येक मतदाराची चार मतं. निवडून आल्यावर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यामुळे एकेकट्याला दुकानात बोलावून चहा पाजू नकोस. सगळ्या पक्षांचे आणि अपक्ष उमेदवार एकाच दिवशी, एकाच सभागृहात, एकच कागद. प्रचारात उमेदवार नंदीबैलासारखी मान डोलावतो, तेव्हा 'करणार का?' असं विचारण्यात अर्थ नाही. 'पहिल्या अंदाजपत्रकात यासाठी कोणतं काम मागे ठेवाल?' असं विचार. सभागृहात जी शांतता पसरेल ती सभासदांनाही ऐकू दे. पक्षांचे जाहीरनामे त्याआधीच लिहिले जातात, म्हणून शहराध्यक्षांना पानभर निवेदनाऐवजी जशीच्या तशी उचलता येतील अशी दोन वाक्यं दे. लिहिणाऱ्यालाही घाई असते. आयुक्तांकडचं निवेदन आचारसंहितेच्या आधी जाऊ दे, आणि पुष्पगुच्छाचा फोटो नाही निघाला तरी चालेल, आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.

पाठिंबा मात्र कुणालाच जाहीर करू नका. संघटनेत सगळ्या पक्षांची माणसं आहेत, एका पत्रकाने ती तुटते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ प्रमाणे उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रकावर खर्च केला तर दहा हजारांपर्यंत दंड आहे. दहा रुपयांच्या आतल्या खर्चाला मागाहून संमती घ्यायची सोय त्यात आहे. दहा रुपयांत हल्ली पत्रकाचा गठ्ठा सोड, धड चहा येत नाही. आणि कार्यकारिणीतला एखादा स्वतःच तिकिटाच्या मागे असेल (असतोच), तर तो शिष्टमंडळात नको. त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

तू वयाने लहान, त्यातून मुलगी, म्हणून बैठकीत तुला फक्त इतिवृत्त लिहायला बसवतील. लिही. ठराव काय झाला हे शेवटी त्या वहीवरूनच ठरतं, आणि वही तुझ्याकडे आहे.

निकालानंतर हार-तुऱ्यांत आठवडा जाईल. तो जाऊ दे, पण त्याहून जास्त नाही. पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असं महापालिका अधिनियमात आहे, आणि अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे त्याच सुमारास येतं. नवे नगरसेवक तेव्हा अजून कोणता विभाग कोणत्या मजल्यावर आहे हेच शोधत असतात. उमेदवारांच्या त्या बैठकीचं इतिवृत्त निवडून आलेल्या चौघांच्याही सहीचं असेल, तर त्याची प्रत अंदाजपत्रकाआधी त्यांच्या हातात ठेव, आणि टेम्पोच्या वहीची झेरॉक्स सोबत जोड.

मसुदा झाला की छापून दुकानात ठेव. मोबाइलवर मला दिसत नाही. गुरुवारी बँकेत येणार आहे, तेव्हा घेऊन जाईन.

तुझा काका