‘दहा प्लाय’ ऐकून टायर घेऊ नका, आधी वजन आणि हवा बघा

तुम्ही विचारलंय : फॉर्च्युनर फोर बाय फोर आहे, मूळचे २६५/६० आर१८ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १८ इंची) टायर संपत आलेत, पुणे-कोकण येजा नेहमीची, जूनमध्ये लडाखचा बेत आहे, तर एटी (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांचे) घ्यावेत की एमटी (चिखलाचे), आणि कुठल्या कंपनीचे? शेवटी तुम्ही लिहिलंय, की दुकानदार म्हणतो ‘दहा प्लायचे घ्या, कधी फुटायचे नाहीत’. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला बसलो. माझं काम व्हील अलाइनमेंटचं आणि सस्पेन्शनचं. या ‘दहा प्लाय’वरून आमच्या भागातल्या एका टायरविक्रेत्याशी माझा जुना वाद आहे, आणि त्याच्या सल्ल्याची फळं आमच्या रॅम्पवर येतात.

तुमच्यासारख्याच एका फॉर्च्युनरचं उदाहरण घ्या. तक्रारी अशा : नव्वदच्या वर स्टिअरिंग थरथरतं, घाटात वळणावर गाडी तरंगते, पावसात ब्रेक मारला की पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबते. टायर एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामाचे) २६५/६५ आर१८, लोड रेंज (ताकदीची श्रेणी) ई. यालाच बाजारात दहा प्लाय म्हणतात. गेज लावून नक्षीची खोली मोजली : मध्ये साडेआठ मिलिमीटर, बाहेरच्या कडेला पाच, आतल्या कडेला साडेपाच. चारही टायरना हीच गत. दोन्ही कडा खाल्लेल्या आणि मधला भाग शाबूत, म्हणजे हवा कमी. मालक म्हणत होते, हवा बरोबर आहे, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. आणि ती स्टिकरप्रमाणेच होती.

घोळ तिथेच आहे. स्टिकरवरचा आकडा कंपनीनं बसवलेल्या टायरसाठी असतो. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. एलटी टायरचा सांगाडा जास्त दाबाला काम करेल असा बांधलेला असतो : लोड रेंज सी ५० पीएसआयपर्यंत, डी ६५, ई ८०. तेवढंच वजन उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा साधारण आठ-दहा पीएसआय जास्त लागतात. नेमका आकडा त्या मापाच्या लोड आणि हवेच्या तक्त्यात असतो. टायर विकणाऱ्याकडे तो तक्ता मागा. त्याला तो माहीतच नसेल तर एलटी टायर तिथून घेऊ नका. स्टिकरच्या हवेवर चालवलेला एलटी टायर दर फेऱ्याला बाजूनं दबतो. त्याची बाजू जाड, म्हणून दबताना उष्णताही जास्त तयार होते आणि बाहेर पडत नाही. मे महिन्यात समृद्धीच्या सिमेंटवर १२०नं तासभर अशी गाडी पळवली, तर जो टायर ‘कधी फुटायचा नाही’ तोच आधी जातो.

आणि दहा प्लाय म्हणजे आत दहा थर नसतात. तो पूर्वीच्या सुती थरांच्या हिशेबातला ताकदीचा आकडा आहे. आजच्या रेडियलमध्ये बाजूला पॉलिएस्टरचे दोन, फार तर तीन थर, आणि नक्षीखाली पोलादी पट्टे व नायलॉन. साइडवॉलला तीन थर आहेत का, हा प्रश्न कामाचा आहे, कारण दगड तिथेच कापतो. ‘किती प्लाय’ हा प्रश्न त्याचं उत्तर देत नाही.

त्या गाडीची हवा तक्त्याप्रमाणे चाळीसच्या वर नेली, टायर रिममधून सोडवून बीड (रिमला घट्ट बसणारी टायरची कड) नीट बसवून पुन्हा बॅलन्सिंग केलं, टो (चाकांची आत-बाहेरची दिशा) जुळवला. थरथर गेली, तरंगणं बरंच कमी झालं. पण आता खड्ड्यात गाडी आदळायला लागली. जास्त हवा आणि प्रत्येक चाकाला चार-पाच किलो जादा वजन, त्याला इलाज नाही. खाल्लेल्या कडा तर भरून येत नाहीतच.

त्याच गाडीचं दुसरं दुखणं अजून महागात पडलं असतं. स्टेपनी जुन्याच मापाची, २६५/६० ठेवलेली. मागे पंक्चर झालं म्हणून ती लावली, आणि पावसात घाट उतरताना ‘पकड मिळेल’ म्हणून एच४ (चारही चाकांना ताकद देणारा मोड) घातलं. हिशेब करा. २६५/६० आर१८चा व्यास ७७५ मिमी, २६५/६५ आर१८चा ८०२. एका किलोमीटरला लहान चाक सुमारे ४११ फेरे फिरतं, मोठं ३९७. मागच्या एक्सलची सरासरी ४०४, पुढची ३९७. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल (वेगातला फरक सामावणारा भाग) नसतो, दोन्ही ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) घट्ट जोडलेले असतात. म्हणजे किलोमीटरमागे सात फेऱ्यांचा फरक कुठेतरी घसरून निघायला हवा. चिखलात तो निघतो. डांबरावर निघत नाही, सगळा पीळ चेन आणि गिअरवर जातो. एच२ला (फक्त मागच्या चाकांवर) यायला गेलं तर दिवा लुकलुकत राहतो आणि एच४ सुटत नाही. अशा वेळी थोडं रिव्हर्स घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवा, पीळ उतरला की सुटतं. पण मुळात पाचही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्या, आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही फिरवा, म्हणजे झीज सारखी राहते. चारच बदलून जुनी स्टेपनी ठेवण्यात वाचलेले पैसे ट्रान्सफर केसच्या एका दुरुस्तीत जातात.

आता वजनाचं. तुमच्या मूळ टायरवर मापाशेजारी ११० एच असेल. ११० म्हणजे एका टायरला १,०६० किलो, एच म्हणजे ताशी २१०. भरलेली फॉर्च्युनर पावणेतीन टनांच्या आसपास जाते. सात माणसं आणि सामान असलं की मागच्या एका टायरवर साडेसातशे किलोपर्यंत येतं. मग १,०६० भरपूर वाटतात. तसे ते नाहीत. तो आकडा ३६ पीएसआयच्या आसपासच्या हवेवरचा आहे, त्याहून कमी हवेला क्षमता उतरते. शिवाय ब्रेकमध्ये आणि वळणावर वजन एकाच कोपऱ्यावर येतं. म्हणून ११०च्या खाली जाऊ नका. वीस इंची अलॉयचा मोह इथेच बाद होतो : २६५/५० आर२० बहुधा १०७चा मिळतो, म्हणजे ९७५ किलो, आणि साइडवॉल १५९ मिमीवरून १३२वर येते. कोकणातल्या खड्ड्यात अशा चाकाची रिम वाकते.

उलट करा. सतरा इंची रिम घ्या आणि २६५/६५ आर१७ लावा. याच गाडीच्या टू-व्हील ड्राइव्हला हे माप कंपनीच देत आली आहे. व्यास ७७६ मिमी, म्हणजे जवळपास तोच, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, आणि साइडवॉल १७२ मिमी मिळते. हे माप ११२मध्ये सहज मिळतं, म्हणजे १,१२० किलो. घेण्याआधी रिम हबवर हातानं बसवून फिरवून बघा, कॅलिपरला घासत नाही ना. जड गाडीला मी देईन तो सगळ्यात चांगला बदल हाच आहे, आणि दुकानात तो कोणी सुचवत नाही, कारण दिसायला गाडी साधी दिसते.

मोठा व्यास घेऊन उंची वाढवायचा विचार असेल तर गणित लक्षात घ्या. २६५/७० आर१७ला व्यास २७ मिमी वाढतो, पण एक्सलखालची उंची त्याच्या निम्मी, तेरा मिमी. त्या तेरा मिमीसाठी गिअरिंग साडेतीन टक्के लांबतं, ब्रेकवर ताण येतो, आणि आरटीओत किंवा विम्याच्या दाव्यात कोणी माप तपासलं तर उत्तर तुम्हाला द्यायचं.

नक्षीबद्दल थोडक्यात. एमटी, म्हणजे बटन टायर, तुमच्यासाठी नाही. ताम्हिणीत किंवा आंबोलीत जुलैच्या पावसात ओल्या डांबराला चिकटायला रबर जास्त आणि बारीक काप भरपूर लागतात. बटनात दोन्ही कमी, मोकळी जागा जास्त. तिचा उपयोग चिखल फेकायला होतो. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीत रोज शेतावर जाणं असेल तर एमटीच, कारण काळी माती एटीच्या नक्षीत थापली गेली की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच वागतो. तिथे रुंद टायरही नको, अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला पोचतो. पण कोकणात जांभा, खडी, मुरूम आणि ओलं डांबर. त्याला सौम्य एटी, काप असलेली, पोलादी पट्टे दोन, साध्या लोडची, एलटी नाही. निव्वळ रस्त्यावरच चालवणार असाल तर चांगली एचटी (डांबरी रस्त्यासाठीची नक्षी) पावसात एटीपेक्षा लवकर थांबते, हेही ऐकून ठेवा.

लडाखसाठी वेगळे टायर लागत नाहीत. जूनमध्ये रस्त्यावर धारदार दगड आणि ओढ्यांचं पाणी असतं, त्याला तीच एटी पुरते. सोबत पंक्चर किट, गेज आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप ठेवा. वाळूत उतरलात, मग ते नुब्रा असो की आपला किनारा, तर १८ ते २० पीएसआयवर या, ताशी चाळीस किलोमीटरच्या आत चालवा, स्टिअरिंग झटक्यानं वळवू नका नाहीतर बीड रिममधून सुटतं, आणि डांबरावर चढण्याआधी परत भरा. भरलेली हवा बरोबर आहे का, याची घरगुती परीक्षा : सकाळी थंड मोजा, तासभर हायवेला चालवून पुन्हा मोजा. साध्या टायरला चारेक, एलटीला सहापर्यंत वाढ चालते. त्याहून जास्त वाढली म्हणजे थंड हवा कमी होती. गरम टायरमधली हवा मात्र सोडू नका. नायट्रोजनचे पैसे देऊ नका. हवेत तो ७८ टक्के असतोच.

एलटी कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. गाडीवर रूफ टेंट, स्टीलचा बंपर, विंच आणि मागे पाण्याचे ड्रम कायमचे असतील, किंवा कामच खाणीच्या रस्त्यावर असेल, तर एलटी घ्या. मापाशेजारी १२०/११७ असं दिसेल. पहिला आकडा तुमचा, दुसरा मागे जोडचाक असणाऱ्या गाड्यांचा. फक्त हवा तक्त्याप्रमाणे ठेवा.

कंपनीचं विचारलंत, तर योकोहामाची जिओलँडार एटी जी०१५ किंवा अपोलोची अ‍ॅप्टेरा एटी२, तुमच्या मापात आणि ११० किंवा त्यावरची जी मिळेल ती. दोन्ही मिळत असतील तर ज्याची तारीख ताजी ती घ्या. साइडवॉलवर DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा : २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात, आणि बसवताना ती बाजू आत गेली की रॅम्पशिवाय दिसत नाहीत. त्यामुळे पाचही टायर जमिनीवर असतानाच तारखा वाचून घ्या, आयएसआयची खूण बघा, आणि बिलावर पाचही टायरचे अनुक्रमांक लिहून मागा. वॉरंटीचा दावा त्याशिवाय उभा राहत नाही.