वाचक विचारतात : सरांच्या टेपा

प्रश्न : स्विंग नृत्याचा (जॅझच्या तालावरच्या अमेरिकन जोडी-नाचाचा) इतिहास आयुष्यभर धुंडाळणारे आमचे सर गेले. त्यांच्या व्हीएचएस व्हिडिओ टेपांना बुरशी आलीय. लावून बघू का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : मुळीच नको! बुरशी प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसते, मग चांगल्या टेपाही खराब होतात. कॅसेटच्या काचेतून पांढरी पूड दिसली, तर ती टेप वेगळ्या पिशवीत बांधा आणि जाणकाराकडूनच साफ करून घ्या. बाकीच्या टेपा ओल शोषणारं सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात उभ्या ठेवा. मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. सरांच्या हातची लेबलं मात्र जिवापाड जपा. ‘सॅव्हॉय, हार्लेम’ एवढ्या नोंदीवरूनही मूळ चित्रणाचा काळ बांधता येतो. सॅव्हॉय हा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला बॉलरूम, म्हणजे नाचाचा हॉल; तो १९२६ ते १९५८ चालला. डिजिटल प्रती दोन करा, एक कोकणाबाहेर, घाटावर ठेवा.