टायरचं वेगळं कव्हर घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: गाडी एक वर्षाची, टायर 195/55 आर 16, बेळगावात रोजची ये-जा टिळकवाडी ते उद्यमबाग, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोवा. एजंट रिन्यूअलला टायर कव्हरचे 1,600 रुपये जादा मागतोय, घ्यावं का? माझं मत, यंदा घ्या. ग्रिप, म्हणजे टायरवरच्या खाचांची खोली, अर्धी झिजली की सोडून द्या.

मात्र पंचरसाठी घेत असाल तर नकोच. उद्यमबागेत लेथचा लोखंडी कीस टायरात घुसतो, पण साध्या पंचरचे पैसे हे कव्हर सहसा देत नाही. ते आहे टायर फाटणं, फुटणं आणि बाजूला फुगा येणं यासाठी.

फुग्याचीच भीती तुम्हाला जास्त आहे. 195 मिलिमीटर ही टायरची रुंदी, तिचे 55 टक्के म्हणजे टायरची बाजू जेमतेम 107 मिलिमीटर उंच. 165/80 टायरची 132 भरते. पावसात चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटीच्या पुढं लाल पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही. त्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायर चिमटला की आतले दोरे तुटतात, आणि तिथं लिंबाएवढा फुगा येतो. त्याला पॅच नाही, टायर बदलावाच लागतो.

नेहमीच्या फुल इन्शुरन्समध्ये नुसता टायर गेला तर काहीच मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल, तरच टायरची निम्मी किंमत मिळते. झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) असलं तरी टायर बहुधा त्यातून वगळलेले असतात, कलम वाचून घ्या.

आता हिशेब. नव्या टायरची ग्रिप साधारण 8 मिलिमीटर, 1.6 ला टायर बाद. बऱ्याच पॉलिसीत उरलेल्या ग्रिपच्या प्रमाणातच पैसे देतात. समजा टायर 7,000 चा आहे आणि निम्मेच मंजूर झाले, तर हातात 3,500 येतील. दोन वर्षांचा हप्ताच 3,200 होतो. म्हणून म्हणतो, टायर नवे आहेत तोवरच हे परवडतं.

पैसे भरण्याआधी एजंटकडून तीन गोष्टी लिहून घ्या: रिम धरलीय का, वर्षात किती टायरचे क्लेम चालतात, आणि क्लेम केला तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो का. तोंडी ‘सगळं येतं हो’ यावर जाऊ नका.

क्लेम नाकारला जातो तो अनेकदा हवा गेलेल्या टायरवर गाडी तशीच चालवल्यामुळं. रिमखाली टायर चिरडतो आणि मूळ नुकसान कुठलं ते ओळखता येत नाही. त्यामुळं लगेच थांबा, टायरचा, खड्ड्याचा आणि नंबर प्लेटचा फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. विमा कंपनीचा सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) बघेपर्यंत जुना टायर दुकानदाराकडं सोडू नका.

हवा टायर थंड असताना बघा, चार माणसं आणि सामान असेल तर दारावरच्या स्टिकरवर लोडसाठी दिलेली भरा. हवा कमी असली की टायर लवकर चिमटतो. घाटात फुगा दिसला तर ‘गोव्यात बघू’ म्हणू नका, तिथंच स्टेपनी लावा. ती छोटी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या आतच चला.