‘लेकराला उंदीर करणार काय?’

‘अक्का, नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. आमचा सोन्या पाच वर्षांचा. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितला. तान्हा असताना माझ्याकडं बघायचा, मग हळूहळू नजर चुकवायला लागला. माझं कुठं चुकलं, हेच कळत नाही. बोलतो, पण आपण म्हटलेलंच वाक्य परत म्हणतो, दूध हवं असलं की “दूध पायजे काय?” असं मलाच म्हणतो. गणपतीत डॉल्बी लागला की कान दाबून पलंगाखाली शिरतो.

त्याच्या शाळेत बाहेरगावच्या एका संस्थेचे संशोधक आले होते. मुलांची नजर कुठं जाते ते कॅमेऱ्यानं टिपणार, खेळतानाचा व्हिडिओ काढणार, लाळेचा नमुना घेणार आणि ज्यांची तयारी असेल त्यांचा मेंदूचा एमआरआय करणार. ह्यांना वाटतं, एकदा स्कॅन झाला की दोष कुठं आहे ते कळेल. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, “माझ्या लेकराला उंदीर करणार काय?” वर रोज ऐकवतात की ग्रहणात तू विळी हातात धरलीस, त्याचंच हे फळ. त्यातच एका दवाखान्यानं स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींच्या, उपचाराचे तीन लाख सांगितलेत. तेही म्हणतात, आमचं संशोधनच आहे. पाटल्या मोडू काय, अक्का? – सोन्याची आई’

पोरी, सगळ्यात आधी ती विळी मनातनं खाली ठेव.

आईला दोष द्यायची सवय फक्त आपल्याकडची नाही, शिकल्यासवरल्या डॉक्टरांनीही ती पाळलीय. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन लिहिलं आणि ऑटिझम हे नाव वैद्यकात रुजलं. पुढं कितीतरी वर्षं मोठमोठी माणसं सांगत राहिली की आईच्या मायेत ओलावा नसतो म्हणून मूल असं होतं. ब्रुनो बेटलहाइम यांनी तर १९६७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाचून किती बायका रात्र रात्र रडल्या असतील, या विचारानं माझ्या पोटात आजही कालवतं. या मताला १९६४ सालीच जोरदार उत्तर दिलं होतं ते बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे बाप होते.

मग १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एकाला ऑटिझम होता. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम निघाला. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत तसं एकदाही झालं नाही. जुळ्यांची आई एक, पोट एक, घर एक. आईच्या वागण्यानं होत असतं तर दोन्ही प्रकारच्या जोड्यांत सारखंच दिसलं असतं. हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखी असतात, साध्यांची तशी नसतात. फरक पडला तो त्या आनुवंशिकतेनं. आत्तींना हेच सांग. जुळी पोरं त्यांनीही पाहिली असतील.

आणखी एक अभ्यास २०१४ चा आहे. तो वाचताना मी मध्येच थांबले होते. ऑटिझम असलेली अकरा मुलं या ना त्या कारणानं वारली होती. त्यांच्या मेंदूचे तुकडे तपासले, तेव्हा दहा जणांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात जागोजागी पेशींची मांडणी विस्कटलेली दिसली. ऑटिझम नसलेल्या अकरांपैकी ती एकातच दिसली. अभ्यास लहान आहे, पण ही मांडणी होते बाळ पोटात असताना, जन्माच्या कितीतरी आधी. आता विचार कर, लेकरू गेलंय आणि तशा दुःखात घरच्यांनी त्याचा मेंदू तपासायला दिलाय. आज मी तुला ‘तुझं काही चुकलं नाही’ असं छातीठोकपणे सांगू शकते, ते अशा अनोळखी आईबापांच्या जिवावर.

नजरेचंही तसंच. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३ साली तान्ह्या बाळांची नजर महिन्यामहिन्याला टिपली. ज्यांना पुढं ऑटिझम निघाला, ती बाळंही दोन महिन्यांची असताना इतरांसारखीच डोळ्यांकडं बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं कमी होत गेलं. म्हणजे तान्हा सोन्या तुझ्याकडं बघायचा, हा तुझा भास नव्हता. आणि पुढं ते कमी झालं, त्यात तुझा दोष नव्हता.

आता तुझ्या मालकांचं. स्कॅनमध्ये हाडाच्या फ्रॅक्चरसारखा ऑटिझम दिसेल आणि डॉक्टर बोट ठेवून दाखवतील, अशी त्यांची आशा आहे. तसं होत नाही. निदान आजही मुलाचं वागणं बघून, घरच्यांना विचारूनच करतात. आपल्याकडं त्यासाठी चाळीस प्रश्नांचं भारतीय मापन आहे. झटके येत असतील किंवा डॉक्टरांना दुसरी काही शंका असेल, तर तपासणी वेगळी. संशोधनातला एमआरआय शेकडो मुलांची सरासरी शोधतो. एकट्या सोन्याच्या फोटोवरून त्याच्याबद्दल फारसं सांगता येत नाही. मालकांना हे आधीच सांग, नाहीतर रिपोर्टची वाट बघत बसतील आणि मन मोडेल.

तीन लाखांच्या दवाखान्याला माझं सरळ उत्तर आहे, ‘नाही’. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं आणि असा उपचार करणं, त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं. शिवाय ते ‘संशोधन’ म्हणत असतील, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संशोधनाचा खर्च भाग घेणाऱ्याच्या माथी मारायचा नाही. तुझ्याकडं पैसे मागितले, तिथंच त्यांचं पितळ उघडं पडलं. पाटल्या हातातच राहू देत.

शाळेत आलेल्यांचं काम मात्र मला करण्याजोगं वाटतं, आणि ते पारखायला आत्तींचाच प्रश्न कामाला येईल. तुम्हा तिघांत नेमकं त्यांनीच विचारलंय. लेकराला उंदीर करणार काय? हेच त्या संशोधकांना विचारायचं, आत्तींना शेजारी बसवून. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, कागद दाखवा म्हणावं. संमतीपत्र मराठीत हवं, इंग्रजीवर अंगठा उठवायचा नाही. व्हिडिओ कोण बघणार, लाळेचा नमुना किती वर्षं ठेवणार, सोन्याचं नाव त्यावर असणार का? मध्येच सोडलं तर शाळेत किंवा दवाखान्यात त्याला काही त्रास होणार नाही ना? या प्रश्नांनी जे वैतागतील, त्यांना चहा पाजून पाठवून दे.

एमआरआयचं जरा वेगळं. त्या यंत्राचा ठोक्यांचा आवाज मोठा असतो आणि तुझं लेकरू डॉल्बीला घाबरून पलंगाखाली जातं. चांगले संशोधक मुलांना आधी खोट्या स्कॅनरमध्ये झोपवून सराव देतात, आवाज ऐकवतात. तशी सोय असेल तर बघ. निव्वळ अभ्यासापुरती भूल देणार म्हणाले, तर मी माझ्या नातवाला नेलं नसतं. नजरेचा कॅमेरा, खेळ आणि लाळ एवढ्यावर ‘हो’ म्हणून स्कॅनला ‘नाही’ म्हणता येतं. तेही विचारून घे.

यातनं सोन्याला लगेच काही मिळणार नाही, हे धरूनच चल. त्याला जे मिळायचं ते घरात मिळेल, आणि त्याचाही अभ्यास झालाय, तोसुद्धा आपल्यासारख्या घरांतच. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर केलेला हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं मोठे तज्ज्ञ नव्हते. साध्या शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या घरी जायच्या, आईबापाचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायच्या आणि त्यांच्याच शेजारी बसून तो बघायच्या. मूल कशाकडं बघतंय ते ओळखा, त्याच्या मागनं जा, घाई करू नका, एवढंच शिकवायच्या. त्या मुलांचं आपण होऊन आईबापाशी संवाद सुरू करणं वाढलं.

तर रंकाळ्यावर जाशील तेव्हा त्याला ‘ते बघ बदक’ म्हणून ओढू नकोस. तो दगडावर आपटणारं पाणी बघत असेल तर तूही खाली बस, तेच बघ, ‘पाणी’ म्हण आणि गप्प राहा. बराच वेळ गप्प राहा. आपल्याला ते फार जड जातं.

आणि ‘दूध पायजे काय?’ म्हणजे नुसती पोपटपंची समजू नकोस बाई. तू तसं म्हणतेस आणि मग दूध येतं, हे त्यानं पक्कं हेरलंय. तो दूध मागतोय! त्याला दूध दे आणि देताना त्याच्या तोंडचं वाक्य म्हण, ‘मला दूध पायजे.’ उशीर झाला असंही समजू नकोस. चार वर्षांपर्यंत बोलणं फार मागं राहिलेल्या ५३५ ऑटिस्टिक मुलांची माहिती २०१३ मध्ये अमेरिकेत तपासली, तेव्हा त्यातली ७० टक्के मुलं पुढं छोटी वाक्यं बोलायला लागली होती आणि ४७ टक्के सलग बोलत होती. तुझा तर आत्ताच वाक्य बोलतोय.

सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशीही करून ये. २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे, तो सोन्याचा हक्क आहे.

संमतीपत्र आलं की सही करायच्या आधी ते आत्तींना मोठ्यानं वाचून दाखव. त्या जिथं ‘थांब’ म्हणतील तिथं पेन्सिलीनं खूण कर आणि तेवढ्या खुणा घेऊन संशोधकांकडं जा. तपासणीच्या दिवशी सोन्यानं कॅमेऱ्यासमोरनं तोंड फिरवलं, हात झटकला, तर तोही त्याचा नकारच समज. उठ, त्याला घे, गंगावेशीत दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पाज आणि घरी ये.

– तुमची अक्का