गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार कसे काय झाले?

प्रश्नात तुम्ही विचारलंय की पैसा नाही, सत्ताधारी पक्ष नाही, तरी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून एक माणूस ११ वेळा कसा निवडून येतो, निव्वळ साधेपणावर का? मी शेजारच्या तालुक्यातला, त्यामुळे आबासाहेबांबद्दल (गणपतरावांना लोक आबासाहेब किंवा आबाच म्हणायचे) लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून लिहितो.

साधेपणा खराच होता, एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांचे फोटो तुम्ही पण बघितले असतील. पण नुसत्या साधेपणावर कोण मत देतं हो? आमच्या भागात साधी माणसं पायलीला पन्नास आहेत. माझ्या मते खरं कारण पाणी.

सांगोला म्हणजे कायमचा दुष्काळी तालुका. माणदेशातली माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी, खिलार जनावरं आणि ज्वारी एवढ्यावरच संसार. आबांनी अख्खं राजकारण या एका प्रश्नाभोवती फिरवलं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली, आटपाडीत दरवर्षी भरायची, शेतकरी मिळेल त्या वाहनाने यायचे आणि कृष्णेचं पाणी आम्हाला पण पाहिजे हीच एक मागणी. कृष्णेवरची टेंभू उपसा सिंचन योजना कराड तालुक्यातनं टप्प्याटप्प्यानं पाणी उचलत आणते आणि सांगोला तिच्या पार शेपटाला, म्हणजे वरच्यांचं भागल्यावर आपला नंबर. अशा ठिकाणी पाणी आणायचं तर दरवर्षी विधानसभेत तोच प्रश्न, तीच फाईल, तोच निधी, कंटाळा न करता मांडत राहायला लागतं, आणि ते काम त्यांनी केलं. पिण्याच्या पाण्याची शिरभावीची योजना तर एकाच वेळी ८० हून जास्त गावांना पुरते, ज्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला ती कुठं मत देणार सांगा. शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी पण त्यांनीच उभी केली.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, ते हरले पण आहेत. १९६२ ला पहिल्यांदा शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) आले, १९६७ ला परत, मग १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना फक्त १९२ मतांनी पाडलं. त्या वेळी वय सत्तरीला टेकलेलं, दुसरा कुणी असता तर घरी बसला असता किंवा पक्ष तरी बदलला असता. आबा तिथंच, त्याच लाल बावट्याखाली राहिले आणि १९९९, २००४, २००९, २०१४ असे सलग ४ वेळा निवडून आले! शेकाप राज्यात आटत चालला होता तेव्हाची ही गोष्ट आहे, मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर इथंच वाटतो.

पदं पण मिळाली. १९७७-७८ ला विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, नंतर १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात शरद पवारांबरोबर मंत्री, १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात पण होते. पण सांगोल्यात कुणी त्यांना मंत्री म्हणून आठवत नाही, आमदार म्हणूनच आठवतात.

तुमचा दुसरा प्रश्न, त्यांच्यानंतर काय. २०१९ ला वयामुळे ते स्वतः उभे राहिले नाहीत, नातू डॉ. अनिकेत उभे होते, ते ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबा वारले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आले. आता आजोबांची पुण्याई एका निवडणुकीला पुरते हे मान्य, पण टेंभूचं पाणी शेवटच्या गावापर्यंत वेळेवर येतंय का यावर सांगोल्याचे लोक पुढच्या वेळी त्यांना पण विचारणारच, आणि विचारायलाच पाहिजे.